भिंतीवरचा फाटका सदरा

जमील पेंटरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. काम असलं की कामासाठी जाग यायची, आणि नसलं की काम नाही म्हणून. गेवराईतल्या आपल्या दोन खोल्यांत तो अंधारातच उठून बसायचा आणि उजव्या हाताच्या बोटानं मांडीवर अक्षरं काढत राहायचा. हाफिजा, त्याची बायको, पांघरुणातूनच म्हणायची, "अजी, अजान तो होने दो." तो हूं म्हणायचा. बोट थांबायचं नाही.

त्या बोटानं गेवराईच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या रंगवल्या होत्या. दुकानदार यायचा आणि सांगायचा, नावाच्या आधी 'न्यू' टाक. कुणाला 'रॉयल' पाहिजे असायचं, कुणाला 'फेमस', चपलांच्या दुकानाला 'मॉडर्न'. जमील टाकायचा. त्याची शाळा चौथीत सुटलेली. इंग्रजी अक्षरं तो वाचून शिकला नव्हता, बघून शिकला होता. कुठलं अक्षर पोट काढून उभं राहतं, कुठलं कमरेत वाकतं, दोन अक्षरांत किती हवा सोडायची, हे त्याला झोपेतही जमलं असतं. शब्दाचा अर्थ काय, हे दुकानदारानं बघायचं. न्यू टायरवाल्याचं दुकान पडलं, छपरात बाभूळ उगवली, तरी पाटीवर न्यू तसंच चमकत राहिलं. जमील तिथून जाताना फक्त रंग किती टिकलाय तेवढं बघायचा.

मग फ्लेक्स आले. चहा पिऊन होईपर्यंत मशीनमधून पाटी बाहेर. जमीलचा मुलगा आमेर असल्याच एका दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. मुलगा वाईट नव्हता. बापाची काळजी होती. मागच्या वर्षी जमील शिडीवरून पडला होता आणि त्याचा डावा गुडघा अजून कुरकुरत होता.

"अब्बा, आता बस करा," आमेर म्हणायचा. "आमच्या दुकानात खुर्ची हाय, पंखा हाय. गिऱ्हाईक आलं की नाव लिहून घ्यायचं आन् बसायचं."

बसायचं, हा शब्द जमीलला सोसायचा नाही. तो उठून दारात जाऊन उभा राहायचा.

शेवटी बापलेकांत ठरलं ते असं. धान्याच्या मोंढ्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर अल्युमिनियमची एक शिडी उभी होती. पायाला रबर, एका हातात उचलेल एवढी हलकी. ती घेतली तर खाली धरायला माणूस लागणार नाही आणि पडायचं भय नाही. जमीलनं पुढच्या कामात तेवढी कमाई केली तर आमेर गप्प बसणार. नाही केली तर जुनी लाकडी शिडी भंगारात आणि जमील खुर्चीवर.

काम मिळालं दिवाळीच्या सुट्टीत. तलवाड्याच्या पुढे एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा आहे, समोर लिंब. तिथल्या आप्पाराव सरांनी बोलावून घेतलं. शाळेच्या भिंती बोलक्या करायच्या होत्या. म्हणजे भिंतीवर चित्र, चित्राखाली शब्द, शब्दाखाली अर्थ. पोरगं येता-जाता बघेल आणि शिकेल. पाढे आणि बाराखडी आधीच कुणी काढून गेलं होतं. रस्त्याच्या अंगाची लांब भिंत सरांनी इंग्रजी विशेषणांना ठेवली होती. उलटसुलट अर्थाच्या जोड्या त्यांनी कागदावर लिहून दिल्या. बिग-स्मॉल. हॉट-कोल्ड. हेवी-लाइट. ओल्ड-न्यू. रिच-पुअर. प्रत्येकापुढे मराठीत अर्थ.

"शाळा उघडायच्या आत झालं पाहिजे, पेंटर," सर म्हणाले. "साहेब बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर आजूबाजूच्या शाळाही तुम्हालाच."

जमीलनं कागद उभ्या उभ्या वाचला. 'न्यू'पुढे लिहिलं होतं, नवीन. त्याला छपरातली बाभूळ आठवली आणि मानेवरून मुंगी चालल्यासारखं झालं. परत येताना वाटेत ते पडकं दुकान लागलं. त्यानं मोपेड थांबवली नाही, पण मान वळवून बघितलं.

लाकडी शिडी काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर बांधून वस्तीवर आणली, ती तिथंच ठेवली. आधी भिंत. जुना रंग पोपडे धरून होता. त्यावरच नवा मारला तर दोन पावसांत सगळं खाली येतं, आणि असे मारणारे पुष्कळ आहेत. जमीलनं लोखंडी पत्रीनं खरवडून पोपडे काढले, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरनं घासून हात फिरवून बघितलं. हाताला खरखर लागली की परत घासलं. नाकातोंडात चुना. या कामाचं कौतुक कुणी करत नाही, कारण ते रंगाच्या खाली जातं.

घासताना वरच्या अंगाला शिडी सरकली. खाली शहाबादी फरशी होती, गुळगुळीत. जमीलनं भिंतीला पंजे लावले, आणि शिडी एकदम जागच्या जागी रोवल्यासारखी थांबली. खाली बघितलं तर एक माणूस दोन्ही हातांनी धरून उभा. खांद्यावर घोंगडी, मागं चार शेळ्या.

"काय बे पेंटर, दात नकोसे झालेत का?"

"सरकती जरा. तिला माझी सवय हाय."

"सवय हाय तर पाडती कावून?"

हा अजिनाथ. शाळेच्या मागंच राहायचा, तो आणि त्याची बायको मंगल. बरीच वर्षं दोघं ऊसतोडीला जायचे. आता गुडघे बोलायला लागले म्हणून शेळ्या. वस्तीवरची निम्मी घरं कारखान्याकडं निघून गेली होती, दारांना कुलपं होती, आणि बोलायला माणूस मिळाला म्हणून अजिनाथ खूश होता. दुसऱ्या दिवशी जमील यायच्या आधीच तो शिडीपाशी उभा. शेळ्या लिंबाखाली बांधलेल्या. जमील वर चढला की हा खाली धरायचा. एक पाय खालच्या दांडीवर, दोन्ही हात बाजूंना, आणि नजर वर. जमील उतरेपर्यंत तो तंबाखूसुद्धा मळायचा नाही.

जमीलच्या हातात एक खोट होती. डोक्यातून त्याला चित्र काढता यायचं नाही. समोर वस्तू पाहिजे. मग बिगला शेजारची म्हैस आली आणि स्मॉलला अजिनाथचं करडू. हॉटला चुलीवरचा तवा. कोल्डला रांजण.

"ह्ये काय?" प्रत्येक शब्दाला अजिनाथ विचारायचा.

"हेवी. जड."

"मंग तुझी शिडीच काढ की. एकट्यानं उचलून बघा म्हनावं सायबाला."

जमीलला हसू आलं, पण त्यानं शिडीच काढली. लाइटला कापसाचं फुटलेलं बोंड. ओल्डला तुळजाबाई बसली, वस्तीवरची सगळ्यात वयस्क बाई. काय काढतोस म्हणून बघायला आली आणि सापडली.

"काय लिवलं रं माज्याखाली?"

"ओल्ड. म्हंजे म्हातारी, आजी."

"मंग नथ काढ. म्हातारी हाय, मेले न्हाई आजून."

नथ काढली. तुळजाबाईनं जवळ येऊन, लांब जाऊन बघितलं आणि मोती लहान झाला म्हणाली. जमीलनं मोती मोठा केला.

अजिनाथनं शब्द उचलले. करडाला हाक मारायचा, "ये गं स्मॉल." मंगलनं चहा आणला की एक घोट घेऊन म्हणायचा, "लई कोल्ड झालाय." मंगल कपाळाला हात लावायची. "भाऊ, काय शिकवलं यांना? सकाळी मला म्हनले, बिग भाकर वाढ."

जमीलला त्या दिवसांत घरीही चैन पडेना, पण काळजीनं नाही. जन्मभर नुसती अक्षरं काढलेल्या बोटाला आता अर्थ लागत होते. वाटेतल्या पाट्या तो वाचायला लागला. फ्रेश म्हणजे ताजं. प्युअर म्हणजे शुद्ध. आमेरला विचारून विचारून हैराण केलं त्यानं.

रिच-पुअरची जोडी खालच्या रांगेत होती. तिला शिडी लागायची नाही. त्या दिवशी अजिनाथ शेळ्या घेऊन माळावर गेलेला. रिचसाठी माणूस समोरच होता. रामकिसनराव, वस्तीवरचे मोठे बागायतदार. रोज त्यांची पांढरी जीप शाळेपुढे उभी राहायची, लिंबाखाली खुर्ची मागवून बसायचे, फोनवर मोठ्यानं बोलायचे. जमीलनं त्यांना काढलं. पांढरा पोशाख, बोटात अंगठी, मागं जीप. झकास उतरले.

पुअरला त्यानं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. पण अजिनाथ डोळ्यात बसला होता, समोर नसला तरी हाताला येत होता. घोंगडी, काठी, पायाशी शेळी. काढून झाल्यावर जमील रस्त्यापर्यंत मागं गेला आणि तिथून बघितलं. गरीब वाटेना. काठी टेकून उभा असलेला एक हसरा, स्वच्छ माणूस दिसत होता. शब्द एक सांगत होता आणि चित्र दुसरं.

जमीलला काम अर्धं सोडायची सवय नव्हती. त्यानं ब्रश उचलला आणि सदरा खांद्यावर फाडला. पोटावर दोन भोकं पाडली. एक ठिगळ लावलं, वेगळ्या रंगाचं. गाल आत ओढले. पाठीला पोक दिला. परत रस्त्यावर जाऊन बघितलं. आता चित्र शब्दाला लागलं होतं. त्यानं फोटो काढून आप्पाराव सरांना पाठवला. सरांनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला.

संध्याकाळी अजिनाथ माळावरून आला. शेळ्या पुढं निघून गेल्या आणि तो भिंतीपुढं थांबला.

"ह्यो मी हाय?"

"हां."

"घोंगडी माझीच हाय. शेळीबी." तो पुढं वाकला. "खाली काय लिवलंय?"

अर्थ लिहायचा राहिला होता. तो सगळ्या चित्रांखाली शेवटी एकदमच लिहायचा होता.

"पुअर."

"पुवर. म्हंजे?"

जमील टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश खळबळत होता. ब्रश स्वच्छ झाला तरी खळबळत राहिला. मग तोंडातून निघून गेलं, "कष्टाळू."

अजिनाथनं नाक शिंकरल्यासारखं केलं. "कष्टाळू," तो म्हणाला. "आजवर मुकादमानं बी म्हनलं न्हाई, पेंटर."

तो मंगलला घेऊन आला. मंगलनं चित्राकडं बघितलं, नवऱ्याच्या अंगावर बघितलं, परत चित्राकडं बघितलं. "सदरा..." एवढंच म्हणाली आणि पदर दातात धरून घराकडं निघाली. जमीलनं ते ऐकलं. ऐकून डब्याचं झाकण ठोकायला लागला.

तिथून त्याची झोप गेली. फाट्यावरच्या हॉटेलात अजिनाथ चारचौघांत सांगत होता, "भितीवर मी पुवर हाय," आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसले. अजिनाथला ते कौतुक वाटलं, तोही हसला. जमील अर्धा चहा तसाच ठेवून उठला. शाळा उघडायला थोडेच दिवस होते. पोरं येतील, अर्थ वाचतील, आणि मोठ्यानं वाचतील. पोरं वाचतात ती मोठ्यानंच.

त्यानं सरांना फोन लावला. "सर, ती एक जोडी बदलू का? रिच-पुअरची."

"का? उत्तम झालीये. साहेबांना फोटो पाठवला, त्यांनी तेच चित्र पसंत केलं. हात लावू नका. या फोटोंवरच तुमचे पैसे निघणार आहेत."

संध्याकाळी घरी भाकरी ताटात गार झाली. हाफिजा बघत होती.

"कैकू ऐसे फिर रे जी? खाना थंडा हो रा."

"कोल्ड," जमील तोंडातल्या तोंडात म्हणाला, आणि परत दारात जाऊन उभा राहिला.

त्यानं ठरवलं, आज सांगतो. सकाळी गेला की अजिनाथ शिडी धरून तयार. उतरलो की सांगतो. उतरला की मंगलचा चहा तयार. चहा घेऊन सांगतो. असं करत वरच्या अंगाचं मोठं शीर्षक तेवढं उरलं. दोरी मारून रेघ आखली होती, पहिलं अक्षर भरून झालं होतं, तेवढ्यात खाली जीप कच्चकन थांबली.

"ए पेंटर! कुनी सांगितलं बे तुला मला रिच काढायला?"

रामकिसनराव. सोबत कुणी नव्हतं, तरी सभेत बोलल्यासारखं बोलत होते. शेजारच्या गावातल्या मेव्हण्यानं फोटो बघून चिडवलं होतं म्हणे.

"सरांनी जोडी दिली होती, मालक," जमील वरून म्हणाला.

"जोडी गेली खड्ड्यात! माझं पिवळं रेशनकार्ड हाय. घरकुलाच्या यादीत आईचं नाव हाय. उद्या सायेब येनार, विचारनार ह्यो कोन, तर रामकिसन, श्रीमंत. आन् कुठं लिवलंय? सरकारी भितीवर! सरकारनंच लिवून दिल्यासारखं झालं की बे!"

खालून अजिनाथ खो खो हसला. "मालक, जीप तर रोज हितंच लावता. ती सायबाला दिसायची न्हाई व्हय?"

"तू गप रं. तुझं काय जातंय? तू आयता गरिबात बसलाय. तिकडं रिच म्हंजे श्रीमंत, हिकडं पुअर म्हंजे गरीब. तुला बघून सायेब आजून एक शेळी देतील. पेंटर, मला बी गरिबात ढकल."

अजिनाथचं हसू तुटलं.

जमीलची नजर भिंतीवर होती. खाली बघायची हिंमत नव्हती. पण शिडीवरच्या माणसाला खालचा हात कळतो. हात सैल झाला तर लाकूड आधी सांगतं. हात सैल झाला नाही. उलट घट्ट झाला. जमील एक एक दांडी उतरत आला. दोन्ही पाय फरशीला लागले, तेव्हा अजिनाथनं शिडी सोडली. काठी उचलली, शेळ्या सोडल्या आणि चालू लागला. शिवी दिली असती तर जमीलला बरं वाटलं असतं.

"मिटवून टाक मला," रामकिसनराव म्हणाले आणि जीप वळवली.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ आला नाही. जमीलनं शिडीच्या पायाला दगड लावले. दोन दांड्या चढला, दगड सरकला. पोतं ओलं करून टाकलं, तेही सरकलं. मग तो नुसता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. चित्रातला अजिनाथ वाकून, गाल आत ओढून त्याच्याकडं बघत होता. शेवटी जमील शाळेला वळसा घालून मागं गेला.

अजिनाथ अंगणात बसून दावं वळत होता. अंगात बंडी होती.

"दादा, चुकलं."

"काय चुकलं?"

"मी कष्टाळू म्हनलो. खोटं सांगितलं."

"ते कळलं काल." अजिनाथनं दाव्याला पीळ दिला. "गरीब हाय म्या. हाय ते हाय. रामकिसनला श्रीमंत म्हनायची लाज, मला कसली? ते लिव तू. पोरास्नी शब्द यायला पायजेत. पन एक सांग. माझा सदरा तू कधी फाटका बघितला?"

जमील दाव्याकडं बघत राहिला.

"बघितला का? रोज तुझ्या शिडीखाली उभा हुतो. ऊन हुतं, उजेड हुता. कुठं फाटका हुता?"

मंगल आतून आली. दोरीवरचा सदरा ओढून तिनं जमीलच्या हातात दिला. "बघा, भाऊ."

जमीलनं बघितलं. खांद्याला सांधा होता. आतून कापड लावलेलं, वरून बारीक टाका, दोरा कापडाच्या रंगाला जुळवलेला. सांधा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते बोटानं चाचपून कळत होतं, डोळ्यानं नाही. पोटाशी एक, कोपराला एक. कॉलर उलटून शिवलेली.

"कारखान्यावर हुतो तवाबी," मंगल म्हणाली, "दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर पाचटाच्या कोपीत बसून सांधला, पन ह्यांच्या अंगावर फाटकं जाऊ दिलं न्हाई. आन् तुमी रस्त्यावर फाडला."

दिसू नये म्हणून केलेलं काम. जमीलला लांबी आठवली, पॉलिश पेपर आठवला, रंगाखाली गेलेले सगळे दिवस आठवले. त्यानं मान खाली घातली. "वैनी, सदरा आजच्या दिवस नेऊ का?"

मंगलनं नवऱ्याकडं बघितलं. अजिनाथ दावं वळत राहिला. "ने," तो म्हणाला. "रंग लावून आनू नगं."

जमीलनं सदरा खिडकीच्या गजाला लटकवला आणि भिंतीवरचा सदरा शिवायला बसला. आधी भोकं बुजवली, खालचा रंग सुकू दिला. मग कापडाचा रंग जुळवायला घेतला. उन्हात धुऊन धुऊन आलेला तो निळा कुठल्याच डब्यात नव्हता. पांढरा घातला, थोडा राखी घातला, फडक्यावर लावून सदऱ्याशी धरून बघितला, पुसला, परत मिसळला. खांद्याचा सांधा सगळ्यात बारीक ब्रशनं घातला. एक एक टाका. रस्त्यावरून तो कुणालाच दिसणार नव्हता. तरी घातला. गुडघा ठणकायला लागला, तर मांडी बदलली. दुपारची भाकरी डब्यात राहिली.

उन्हं कलताना मागं सावली पडली.

"सदरा दे. बाजाराला जायचंय."

जमीलनं गजावरून काढून दिला. अजिनाथनं तो अंगात घातला, गुंड्या लावल्या, आणि भिंतीकडं बघितलं. मग बोट पुढं केलं.

"पाठ सरळ कर माझी."

जमीलनं पाठ सरळ केली. विचारल्याशिवाय गालही भरले.

"शीर्षक राहिलंय ना?" अजिनाथ म्हणाला आणि शिडीपाशी जाऊन उभा राहिला. बाजाराचं नाव त्यानं परत काढलं नाही.

रिचच्या जागी जमीलनं मुकुटवाला राजा काढला, सरांच्या जुन्या पुस्तकातून बघून. रामकिसनराव जीपमधून डोकावले. "ह्यो कोन?"

"राजा हाय, मालक. राजाला रेशनकार्ड नसतं."

"जमलं," रामकिसनराव म्हणाले आणि खुर्ची मागवून बसले.

शाळा उघडली त्या दिवशी साहेब आले. त्यांनी म्हशीजवळ उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला, छान आहे म्हणाले आणि गेले. आप्पाराव सर मात्र पुअरपाशी थांबले. रंग सुकलेला होता, खाली मराठीत 'गरीब' लिहिलेलं होतं.

"पेंटर, हे काय केलं? फोटोत सदरा फाटका होता. आता हा गरीब कुठून वाटतो?"

"फोटो चुकीचा होता, सर."

"पोरांना कळणार कसं मग?"

तेवढ्यात दप्तरं घेऊन पोरं आली. एकानं बोट ठेवून वाचलं, मोठ्यानं, जसं जमीलला भय होतं तसंच. "पुअर. गरीब. ए, ह्यो तर अजिनाथ आजा!"

अजिनाथ लिंबाखाली शेळ्यांजवळ होता. "मीच हाय," तो तिथून ओरडला. "सदरा बघ. तुझ्यापेक्षा इस्त्रीचा हाय."

पोरगं स्वतःच्या शर्टाकडं बघायला लागलं. सर हसले नाहीत. पैसे दिले. दुसऱ्यांदा रंगवलेल्याचं काही मिळालं नाही. बाकीच्या शाळांचं विचारलं तर म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी जमील हार्डवेअरच्या दुकानापुढं उभा होता, आमेर सोबत. शिडी तिथंच होती. जमीलनं एका हातानं उचलली. खरंच हलकी. लाइट. आमेर म्हणाला, "घ्या अब्बा. आता मी काही बोलनार न्हाई." दुकानदार पावतीचं पुस्तक काढायला लागला.

जमीलनं शिडी भिंतीला लावली, दोन दांड्या चढला, आणि सवयीनं खाली बघितलं. खाली कुणी नव्हतं. रबर होतं. तो उतरला. परत चढला. परत खाली बघितलं. दुकानदाराला वाटलं, घासाघीस करायची आहे.

"राहू द्या," जमील म्हणाला.

"कावून?" आमेर ओरडलाच. "मग खुर्ची?"

"खुर्ची बी राहू दे."

त्यानं मोपेडला किक मारली आणि थेट वस्ती गाठली. अजिनाथ करडाला पाला घालत होता. जमीलनं पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"ह्ये काय?"

"हजेरी. शिडी धरल्याची मजुरी."

"मी कुठं कामाला हुतो बे? उभा हुतो."

"उभं राहनं सोपं वाटतंय तर उद्या तू वर चढ, मी उभा राहतो."

अजिनाथनं पैसे परत पुढं केले. जमीलनं हात पाठीमागं घेतले. "सगळ्या दिवसांची हाय. गडी-माणसाला देतात तीच. तू माळावर गेलतास आन् नंतर दिवसभर आला न्हाईस, त्या दोन दिवसांची कापलीय."

अजिनाथनं त्याच्याकडं बघितलं. मग हसायला लागला. "बराबर कापली," तो म्हणाला. "त्या दिवसांची न्हाई घेनार मी." आणि पैसे मंगलकडं दिले. मंगलनं ते मोजले नाहीत, पदराला बांधले.

शिडीएवढे पैसे आता जमीलपाशी उरले नव्हते. घरी आमेर दोन दिवस बोलला नाही. जमील पहाटे चारला उठून मांडीवर अक्षरं काढत राहिला. मग आप्पाराव सरांचा फोन आला. पुढच्या वस्तीवरच्या शाळेला भिंत करायची होती, पण गावातली माणसं काढायची नाहीत, एवढी अट.

"चालेल, सर," जमील म्हणाला. "मजुरी मात्र दोघांची धरा."

पुढची वस्ती ओढ्यापलीकडं होती, तिथं जीप जात नव्हती. लाकडी शिडी त्यांनी खांद्यावरून नेली. पुढचं टोक अजिनाथच्या खांद्यावर, मागचं जमीलच्या.

"लई हेवी हाय रं तुझी ही," अजिनाथ पुढून ओरडला.

"चाल," जमील म्हणाला.

अल्युमिनियमची शिडी मोंढ्याजवळ दुकानाबाहेर अजून उभी आहे. जमीलची त्या भिंतीची कमाई गेली अजिनाथच्या हजेरीत.